मौनाबद्दल आभारपत्र

प्रति,
माननीय परराष्ट्र मंत्रालय, नॉर्वे सरकार, ऑस्लो

स. न. वि. वि.

मानवी हक्क कार्यकर्त्यांचे आपण केवढे कैवारी! त्यांच्या संरक्षणाचे ठराव संयुक्त राष्ट्रांत वर्षानुवर्षं आपणच पुढे नेता. वकिलातींनी त्यांच्यासाठी काय करावं, याची मार्गदर्शिकाही आपण काढलीत. वाचून ऊर भरून आला.

डिसेंबर 2009 मध्ये बीजिंगच्या कोर्टात लेखक लिऊ शियाओबो यांचा खटला चालला. डझनाहून अधिक देशांच्या राजनैतिक अधिकाऱ्यांना आत सोडलं नाही, तर ते गोठवणाऱ्या थंडीत बाहेर उभे राहिले. शिक्षा 11 वर्षांचीच झाली. पण जग बघतंय, एवढं तरी कोर्टाला दिसलं.

पुढच्या वर्षी आपल्याच शहरात त्यांना शांततेचं नोबेल मिळालं, रिकाम्या खुर्चीला. निवड समिती सरकारच्या हाताखालची नव्हे, हे आपण परोपरीनं सांगितलंत. तरी चीननं सहा वर्षं अबोला धरला, आपला निर्यातीचा सॅमन मासा तिथल्या तपासणीत अडकू लागला. केवढे हाल सोसलेत!

2014 मध्ये दलाई लामा स्वतःच्या नोबेलची पंचविशी साजरी करायला ऑस्लोत आले. आपल्या मंत्र्यांनी त्यांना भेट नाकारली. पाहुणचाराची ही रीत आम्हाला ठाऊक नव्हती. शिकवल्याबद्दल ऋणी आहोत.

मग डिसेंबर 2016 चं ते संयुक्त निवेदन! चीनच्या ‘गाभ्याच्या हितसंबंधां’ना धक्का लागेल अशा कशालाही पाठिंबा देणार नाही, असं आपण लिहून दिलंत. सहाच महिन्यांत कळलं, की कैदेतल्या लिऊंचं यकृत कर्करोगानं पोखरलंय. त्यांना उपचारांसाठी परदेशी जायचं होतं. तपासायला गेलेल्या जर्मन आणि अमेरिकी डॉक्टरांनी प्रवास शक्य असल्याचं सांगितलं. आपले नेते मात्र बोलायचं टाळत राहिले. 13 जुलै 2017 ला लिऊ गेले आणि आपला शोकसंदेश अगदी वेळेवर पोचला.

बंद दाराआडची मुत्सद्देगिरी, म्हणाल. जर्मनीनं तीही केली आणि लिऊंसाठी ती उघडपणेही बोलली. आरोपाविना घरात कोंडलेल्या त्यांच्या पत्नी लिऊ शिया 10 जुलै 2018 ला बर्लिनमध्ये उतरल्या. आपल्या दाराआडून कोण बाहेर आलं, तेवढं कृपया कळवावं.

एक विनंती. चीनमधले मानवी हक्क कार्यकर्ते शू झियोंग यांना 2023 मध्ये 14 वर्षांची शिक्षा झाली, वकील डिंग जियाशी यांना 12 वर्षांची. बीजिंगमधल्या पुढच्या बैठकीत, मासळीच्या आधी, ही दोन नावं घ्यावीत. त्यांच्या घरच्यांना वकिलातीत बोलवावं. आपल्याच मार्गदर्शिकेत आहे सगळं.

कळावे,
आपल्या मार्गदर्शिकेचा एक वाचक