सुपारी द्यायला जाताना

यात्रा कमिटीच्या खजिनदारपदी तुमची एकमताने निवड झाली असेल, तर त्या मीटिंगला तुम्ही हजर नव्हता हे उघड आहे. झालं ते झालं. मी हे पद अकरा वर्षं भोगतोय, त्या अधिकारावर चार गोष्टी सांगतो.

लोक गोव्याला जाऊन रात्रभर नाचतात आणि सकाळी बिल बघून शुद्धीवर येतात. आपल्या जुन्नर-आंबेगावात रात्रीची मौज गावात चालत येते, पण बिल आधी भरावं लागतं आणि तेही वर्गणीतून. म्हणून तमाशाची सुपारी देणं हे शास्त्र आहे.

केव्हा जावं? नारायणगावात पुणे-नाशिक रस्त्याला फडांच्या राहुट्या पडल्या की लगेच जावं. पाडव्याला अजिबात जाऊ नये. त्या दिवशी निम्म्या महाराष्ट्रातल्या यात्रा कमिट्या तिथं टोप्या घालून उभ्या असतात आणि दर तासातासाला चढतो. आम्ही दरवर्षी पाडव्यालाच जातो, कारण त्याआधी वर्गणी जमत नाही.

दुसरं म्हणजे तिथी. चैत्रातल्या कालाष्टमीला आपल्या भागात भैरवनाथाच्या यात्रांचा नुसता सडा पडतो. गावं ढीगभर आणि फड मोजके, म्हणजे मॅनेजरची पाची बोटं तुपात. तमाशा एक दिवस पुढं ढकलला तर बरेच पैसे वाचतात, हे मी वहीतले आकडे दाखवून मीटिंगमध्ये मांडलं होतं. त्यावर आमचे अण्णा म्हणाले, “देवाची यात्रा अष्टमीला आणि तमाशा नवमीला? मग देवानं रातभर करायचं काय?” ठराव तिथंच बारगळला.

स्कॉर्पिओ राहुटीपासून लांब, रसवंतीच्या मागं लावावी. मॅनेजर आधी गाडी बघतो, मग माणूस.

टोमॅटोचा विषय काढू नये. 2023 च्या जुलैत क्रेट दोन हजारांच्या वर गेला होता. पुढच्या पाडव्याला आम्ही राहुटीत टेकतोय तोवर मॅनेजर म्हणाला, “मालक, गेल्या साली टोमॅटोनं हात दिला म्हणं!” टोमॅटोचा बाजार त्याच्या राहुटीपासून हाकेच्या अंतरावर. आपल्या क्रेटचा भाव त्याला आपल्याआधी कळतो. आम्ही पडलेल्या कांद्याचं रडगाणं लावलं, पण उशीर झाला होता.

आता घासाघीस. या कामी चार माणसं न्यावीत. एकानं आकडा ऐकून उठून उभं राहावं, दुसऱ्यानं त्याचा हात धरून बसवावं, तिसऱ्यानं चहा प्यावा आणि चौथ्यानं म्हणजे खजिनदारानं पैशाची पिशवी मांडीखाली दाबून गप्प बसावं. आमच्यात चहाचं काम अण्णांकडं असतं. पण ते गप्प बसत नाहीत. “सत्तर साली मी स्वतः बाराशेत तमाशा आणलाय, रातभर!” असं ते दरवर्षी सांगतात. फक्त आकडा दरवर्षी उतरतो. गेल्या खेपेला तो सातशेवर आला. अशा हिशेबानं आणखी काही वर्षांत असं निघेल की फडमालकच अण्णांना पैसे देऊन गेला होता.

यंदा मॅनेजरनं 2 लाख 60 हजार सांगितले. अध्यक्ष ठरल्याप्रमाणे उठले, ठरल्याप्रमाणे बसले. मॅनेजरनं वाद घातला नाही. वही आमच्याकडं फिरवून तो बोटानं एकेक ओळ दाखवू लागला. शंभरावर माणसं, त्यांची दोन वेळची भाकरी. ट्रक, डिझेल, जनरेटर, लायटी. दसऱ्याला फड बाहेर पडण्याआधीच कलाकारांना द्यायची उचल, आणि त्या उचलीसाठी स्वतः व्याजानं काढलेला पैसा. यात्रा संपल्या की पावसाळाभर रुपया येत नाही. 2020 आणि 2021 च्या रकान्यात कार्यक्रमच नव्हते. तिथं नुसतं व्याज चढत गेलं होतं.

आम्ही चौघं थोडा वेळ गप्प बसलो. मग अध्यक्ष म्हणाले, “ते सगळं खरंय, पण पाच हजार कमी करा.”

आणि हे बोलून झाल्यावर चहा पिता पिता आम्ही विठाबाईंची आठवण काढली. दरवर्षी काढतो. चालू तमाशात कनातीमागं जाऊन बाळंत झाली, दगडानं नाळ तोडली आणि परत बोर्डावर उभी राहिली, हे सांगताना अध्यक्षांचा गळा दाटतो. 1957 ला राष्ट्रपती पदक, 1990 ला पुन्हा, आणि 2002 ला गेली ती हलाखीत. आमच्याच तालुक्याची बाई. एवढं होईतो मॅनेजरनं तीन हजार सोडले होते.

इथं शास्त्र बाजूला ठेवून एक कुरकुर करतो. डीजेवाल्याशी आम्ही कधीच घासाघीस करत नाही. तो फोनवर आकडा सांगतो, आम्ही “चालंल” म्हणतो. घाटात बैलगाड्यांना बक्षिसं ठरवताना आमचा हात आखडत नाही. 2021 च्या डिसेंबरात कोर्टानं शर्यतींना परवानगी दिली, तेव्हापासून तर मोटारसायकलीखाली कोणी बोलतच नाही. काटकसर आठवते ती राहुटीत.

इसार दिला की पावतीवर तिथी, वार, तारीख आणि तालुका लिहून घ्यावा. तालुका विसरू नये. पिंपळगाव जुन्नरातही आहे आणि आंबेगावातही.

वेळेचं काय, ते अण्णांसमोर बोलू नये. स्पीकरला कायद्यानं रात्री दहाची मर्यादा. वर्षातले मोजके पंधरा दिवस ती बारापर्यंत ताणता येते, त्यात आपली यात्रा बसते का ते पोलीस ठाण्यात आधीच विचारून घ्यावं. पूर्वी कोंबडा आरवेपर्यंत वग चालायचा. आता गण होतो, गवळण होते, मावशी दोनदा पदर सावरते, मग सिनेमाची गाणी, आणि वगातला राजा सिंहासनावर बसतो न बसतो तोच मंडपाबाहेर जीप थांबते. तासाचा दर मी एकदा काढला होता. वहीचं ते पान फाडून टाकलं.

म्हणून सकाळची हजेरी सोडू नये. ती सुपारीतच असते आणि निम्मं गाव ती झोपून घालवतं. यंदा मी नऊ वाजता गेलो. ट्रकच्या सावलीत हलगीवाला पाचटाचा जाळ करून हलगी शेकत होता. मध्येच टिचकी मारून कान लावायचा, पुन्हा जाळावर धरायचा. रात्री शिट्ट्या घेतलेली पोरगी धुतलेल्या तोंडानं बशीतून चहा पीत होती, पायात चाळ तसेच. मग देवळापुढं फळ्या नाहीत, लायटी नाहीत, माइक नाही, अशी लावणी सुरू झाली आणि हलगी कडाडली ती थेट वेशीपर्यंत.

अण्णा पहिल्या रांगेत. दोन कडव्यांनंतर काठी टेकत उठले, बंडीतून पाचशेची नोट काढली आणि सरदाराच्या हातात ठेवून म्हणाले, “नाव पुकारू नको.” त्यानं पुकारलंच, बापजाद्यांसकट.

मी शेजारीच उभा होतो, वही बगलेत. अण्णांची यंदाची हजार रुपये वर्गणी अजून यायची आहे.