विषय : माऊसची ओळख न पटल्याबाबत

प्रति,
मा. संगणक महोदय,
मुक्काम टेबल.

महोदय,

यूएसबीच्या खाचेत माऊस खोचल्यावर पडद्याच्या कोपऱ्यात ‘यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड’ अशी पाटी झळकते, तेव्हा माऊस महोदयांना दिसलेला असतो. हे आधीच नोंदवणे भाग आहे, कारण पाटी वाचणारा हमखास उलटा अर्थ लावतो. माऊस दिसलाच नसता तर पाटीही लागली नसती. अर्जदार खिडकीशी उभा आहे, हे कार्यालयाला माहीत आहे. कागदपत्रे तपासताना घोडे अडले आहे.

तपासणीची पद्धत अशी. माऊसच्या केबलमध्ये चार तारा असतात. एकीतून ५ व्होल्टची वीज येते, दुसरी ग्राउंडची, उरलेल्या दोन माहितीच्या. माऊसमधला दीड किलोओहमचा चिमुकला रेझिस्टर माहितीच्या एका तारेचा दाब वर खेचतो. तेवढ्यावरून कोणीतरी आल्याचे महोदयांना कळते. कोणती तार वर गेली यावरून त्याचा वेगही कळतो, सेकंदाला १.५ मेगाबिट की १२. मग महोदय रीसेट देतात आणि १८ बाइटांचा परिचय मागतात. त्यात उत्पादकाचा क्रमांक आणि मालाचा क्रमांक असतो. परिचय पटला की १ ते १२७ मधला एक पत्ता मिळतो, किती वीज लागेल ते विचारले जाते, आणि बाण हलू लागतो.

हे सगळे इतक्या झटपट व्हावे, हाच यूएसबीचा मूळ हेतू होता. १९९६ साली पहिली आवृत्ती आली. ती घडवणाऱ्या इंटेलच्या चमूत बडोद्यात शिकलेले अजय भट्ट होते. पुढे एप्रिल १९९८ मध्ये शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात, खुद्द बिल गेट्स मंचावर असताना, स्कॅनर खोचताच बाजारात न आलेली विंडोज ९८ निळ्या पडद्यावर आडवी झाली. महोदयांच्या घराण्याचा हा जुना इतिहास पाहता माऊसवर एकट्यावर ठपका ठेवणे शोभत नाही.

१८ बाइटांचा परिचय आला नाही किंवा अर्धवट आला, तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण लागतो आणि खाली ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड’, कोड ४३ अशी नोंद होते. लिनक्सच्या नोंदवहीत याच तक्रारीचा आकडा बहुधा उणे ७१ असतो. बोलणे तुटले, एवढेच दोन्ही सांगतात. कोणी तोडले याबद्दल दोन्हीकडे शुकशुकाट.

चौकशी केबलपासून सुरू करणे स्वस्त पडते. माऊसच्या पोटाखालचा लाल दिवा पेटला म्हणजे सगळे ठीक, हा पसरलेला गैरसमज आहे. दिव्याला विजेच्या दोन तारा पुरतात. माहितीची तार तुटली तरी तो ऐटीत जळत राहू शकतो. तार तुटते ती बहुधा माऊसच्या मानेशी, जिथे ती रोज वाकते. तिथे केबल चिमटीत धरून हळूच इकडेतिकडे वळवावी. जोडल्या-तुटल्याचा टुंग-टुंग आवाज येऊ लागला, तर चौकशी तिथेच संपते. चित्र काढायचे टॅबलेट आणि गेमपॅड यांच्या सुट्या केबलींत आणखी एक गोम असते. काही केबली निव्वळ चार्जिंगच्या असतात. माहितीच्या तारा त्यांत घातलेल्याच नसतात. अशा केबलीवर पाटीही लागत नाही. महोदय गप्प बसले, की आधी केबल बदलावी.

मग खाच. कॅबिनेटच्या पुढच्या खाचा आतून एका वायरने मदरबोर्डला जोडलेल्या असतात, आणि ती वायर सैल असू शकते. मागच्या खाचा थेट बोर्डावर असतात. म्हणून माऊस मागे लावून पाहावा, तोही मधला हब काढून. स्वतःचा अडॅप्टर नसलेला हब यूएसबी २.० च्या एका खाचेतले ५०० मिलिअँपिअर सगळ्यांत वाटून देतो, आणि पोर्टेबल हार्ड डिस्क शेजारी बसली की बाकीच्यांच्या ताटात फारसे उरत नाही. बिनवायरच्या माऊसचा डोंगल यूएसबी ३.० च्या खाचेशेजारी असेल, तर तिथल्या गोंगाटाचा त्याच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींना त्रास होतो. हातभर एक्स्टेंशन वायर लावून डोंगल लांब नेला की हा त्रास बहुधा निवळतो.

एवढ्यावर भागले नाही तर संशयाची सुई महोदयांकडे वळते. ‘बंद करून चालू करा’ हा दुरुस्तीवाल्यांचा पहिला मंत्र विंडोज ८ पासून निम्माच लागू पडतो. फास्ट स्टार्टअप सुरू असेल, तर शट डाउन करताना ड्रायव्हरांची अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उभी राहते, कालच्या रुसव्यासकट. म्हणून रीस्टार्ट करावे. तरीही अडले, तर कीबोर्डवर विंडोज आणि एक्स एकत्र दाबून नंतर एम दाबावे. डिव्हाइस मॅनेजर उघडतो. टॅब आणि बाणांच्या कळांनी त्रिकोणवाल्या नोंदीवर जावे, शिफ्ट आणि एफ१० ने यादी उघडावी, ‘अनइन्स्टॉल’ निवडावे आणि पुन्हा रीस्टार्ट करावे. साध्या माऊसचा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीच असतो; नेटवर शोधत हिंडण्याची आणि भलतेच काही उतरवून घेण्याची गरज नसते. माऊस थोडा वेळ चालून मधेच मरत असेल, तर यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवायची खूण काढावी. काटकसर चांगली, पण कामावरच्या माणसाचा दिवा घालवून नव्हे.

कीबोर्ड आणि माऊस दोन्ही नाकारले गेले, की महोदयांची विनोदबुद्धी खुलते. जुन्या पीसीवर कीबोर्ड सापडला नाही अशी तक्रार येई आणि पुढे जाण्यासाठी एफ१ दाबा, असा सल्लाही त्याच दमात मिळे. २०१५ मध्ये इंटेलच्या नव्या चिपसेटांवर विंडोज ७ टाकू पाहणाऱ्यांची गत याहून वेगळी नव्हती. विंडोज ७ च्या डीव्हीडीत यूएसबी ३.० चा ड्रायव्हर नव्हता, आणि चिपसेटाने जुना यूएसबी कंट्रोलर काढून टाकला होता. भाषा निवडा म्हणणारा पडदा समोर, आणि निवडायला काहीच चालू नाही. अशा वेळी बायोसचा पडदा उघडून पाहावा. तिथे कीबोर्ड चालत असेल, तर केबल, खाच आणि कीबोर्ड तिन्ही निर्दोष आहेत; घोळ विंडोजचा आहे. इतका निर्णायक पुरावा एवढ्या कमी कष्टात दुसरीकडे मिळत नाही, आणि तरी तो शेवटी आठवतो.

कधी ओळख पटूनही घोटाळा होतो. दुकानातला बारकोड स्कॅनर बहुधा स्वतःची ओळख कीबोर्ड म्हणून देतो आणि अक्षरांऐवजी कळांचे क्रमांक पाठवतो. मराठी इनस्क्रिप्ट चालू राहिले असेल तर इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी उमटते आणि मालाचा पत्ता लागत नाही. स्कॅनर बदलायला धावण्याआधी टास्कबारवरची भाषा पाहावी.

हे सारे करून झाल्यावर माऊस दुसऱ्या संगणकावर लावावा. तिथेही पाटी लागली, तर महोदयांवरील आरोप मागे घेण्यात येतील आणि नवा माऊस आणला जाईल.

कळावे.

सहपत्र : माऊस एक, वायरसह.