नाव सोनूबाई, आत गार्बेज

सी-लँग्वेजच्या प्रॅक्टिकलला मुलांच्या दोन तऱ्हा दिसतात. पहिल्या तऱ्हेची मुलं व्हेरिएबलला एक्स म्हणतात, मग एक्सएक्स, मग टेम्प, मग टेम्प टू. ओरलला ‘हा टेम्प टू कशाला?’ असं विचारलं की ती शेजाऱ्याकडे बघतात, कारण प्रोग्राम मुळात त्याचाच असतो. यांचं मला फारसं काही वाटत नाही.

काळजी वाटते ती शहाणी नावं ठेवणाऱ्यांची. परवा एकाने पाच आकड्यांतला सर्वांत मोठा आकडा काढायला घेतला. व्हेरिएबलचं नाव ‘लार्जेस्ट’. त्यातच स्कॅनएफने एकामागून एक पाचही आकडे भरले आणि प्रिंटएफ करून मोकळा झाला. उत्तर दरवेळी शेवटचा आकडा!

“अरे, तुलना कुठे केलीस?”

“सर, नाव दिलंय की!”

इतकं स्वच्छ सांगूनही कळू नये म्हणजे काय, अशा नजरेने तो कॉम्प्युटरकडे बघत होता.

त्याला एकट्याला काय बोलायचं? अमेरिकेत रॉय पी या संशोधकाने १९८६ सालीच या समजुतीला ‘सुपरबग’ म्हटलं होतं. यंत्राच्या आत कुणीतरी समजूतदार बसलंय, असं नवशिके धरूनच चालतात. आत कुणी नाही. फंक्शनमधल्या व्हेरिएबलला किंमत दिली नाही, तर सोनूबाईच्या हाती गार्बेज व्हॅल्यूचाच वाळा.

बरं, उपदेश तरी कोणत्या तोंडाने करायचा? लूपमध्ये आम्ही स्वतः ‘आय’च लिहितो. का, तर १९५७ च्या फोरट्रानमध्ये आय ते एन या अक्षरांनी सुरू होणारी नावं आपोआप पूर्णांक धरली जात. म्हणजे जोशी, काळे, लेले, माने, नेने जन्मतःच पूर्णांक. पाटील मात्र दशांशचिन्हासकट. नाव सहा अक्षरांपलीकडे जायचं नाही, त्यामुळे देशपांड्यांना प्रवेशच नव्हता.

२००८ मध्ये आलेल्या पायथन तीनने देवनागरी नावांनाही दार उघडलं. मी हौसेने वर्गात ‘बेरीज’ असं व्हेरिएबल लिहून दाखवलं. पोरं खूश! मग एकाने वर ‘बेरीज’ आणि खाली ‘बेरिज’ टाइप केलं. पायथनने तिथल्या तिथे नेमएरर दिला. शाळेत मराठीच्या बाईंनी आयुष्यभर लाल पेन झिजवून जे साधलं नाही, ते एका ओळीत झालं.

“सर,” पोरगा कळवळून म्हणाला, “इथे पण ऱ्हस्व-दीर्घाचे मार्क कापतात?”