मावशी, चोवीस तास

(मंचावर एक खुर्ची आणि एक फ्रिज. फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावलेला छापील कागद. वर कोपऱ्यात छोटा कॅमेरा. खांद्यावर दुपटं टाकलेला माणूस येतो. दुपट्यावर दुधाचा ओघळ आहे, त्याला त्याचा पत्ता नाही.)

टाळ्या हळू. आत्ताच झोपलाय.

मी चाकणला क्वालिटीत आहे. बायको हिंजवडीला. घर चिंचवडला. म्हणजे रोज सकाळी मी मोशीकडे निघतो, ती वाकडकडे, आणि अर्ध्या तासाने दोघंही एकाच वेगाने जागच्या जागी उभे असतो.

बाळंतपणाची रजा 26 आठवडे. आधी 12 होती, 2017 साली 26 केली. सरकारचा अंदाज असा असावा की 26 आठवड्यांत पोरगं आपलं आपण उठून कुकर लावेल. त्याच कायद्यात आहे, 50 किंवा जास्त माणसं कामाला असली की पाळणाघर द्यायचं, आणि आईने दिवसातून चार वेळा जाऊन भेटायचं. बायकोच्या कंपनीत आहे पाळणाघर. भिंतीवर जिराफसुद्धा काढलाय. पण वाकडच्या ट्रॅफिकमधून पोराला रोज न्यायचं-आणायचं, म्हणजे त्याचं जावळ रस्त्यातच उरकावं लागणार.

आजी? माझी आई गावाला. "म्हशी कोण बघणार?" संपलं. नातू विरुद्ध म्हशी, म्हशी जिंकल्या. आणि सासूबाई अमेरिकेत, मेव्हण्याचं बाळ सांभाळायला. आजीच्या वाटणीत आमच्याकडे फक्त व्हिडिओ कॉल आला.

मग ब्युरो. "बारा तास का चोवीस तास?" चोवीस. कमिशन एक पगार, करार अकरा महिन्यांचा, तीनदा बदलून मिळेल. पहिल्या बाईंनी चपलाच काढल्या नाहीत. दारातून विचारलं, "पाणी रोज येतं का दिवसाआड?" आता पिंपरी-चिंचवडला 2019 पासून पाणी दिवसाआड येतं, ते काय मी अडवून धरलंय? गेल्या. दुसऱ्या दोन दिवस राहिल्या. आमच्याकडे टीव्हीला मालिका लागत नाहीत हे कळल्यावर त्यांची आई आजारी पडली.

तिसऱ्या आमच्या मावशी. भोरकडच्या, कापूरहोळजवळच्या.

मी प्रश्नांची दोन पानी यादी काढली होती. सप्लायरच्या ऑडिटला वापरतो तीच, फक्त 'मशीन'च्या जागी 'बाळ' केलं होतं.

"मावशी, अनुभव किती?"

(पदर खोचून, मावशींच्या आवाजात) "माझी तीन, जावंची दोन, पुन्यात सहा. समदी जित्ती हायेत."

माझी यादी तिथेच संपली. याच्यापुढे क्वालिटीत प्रश्न नसतो.

"आता मी इचारू? सासू हाय का घरात?" नाही, गावाला असते. "येती का?" दिवाळीला. "मंग दिवाळीच्या महिन्यात हजार जास्त."

आणि पोलीस पडताळणीसाठी मी आधार कार्ड मागितलं, तर म्हणाल्या, "ह्ये घ्या. आता तुमचं दाखवा. मी बी अनोळखी घरात झोपनार हाय."

(स्वतःच्या खिशातून आधार कार्ड काढतो, बघतो, परत ठेवतो.) फोटो बघून म्हणाल्या, "चला, ऱ्हाते. पर जेवून घ्या दोघं नीट."

आता मावशींचं काम सांगतो. तुमच्यापैकी ज्यांनी पायावरची आंघोळ बघितलेली नाही त्यांनी माझ्या घरी यावं, दुपारी... नको, दुपारी त्या रागावतात. सकाळी या. (जमिनीवर पाय पसरून बसतो.) पाटावर बसायचं, पाय असे लांब. पोरगं पालथं नडग्यांवर. डाव्या हाताने तांब्या. आणि उजवा तळहात त्याच्या कपाळावर असा आडवा, पन्हळीसारखा. पाणी डोक्यावरून येतं, हातावरून वळतं, बाजूला जातं. डोळ्यात थेंब नाही. मी आठवडाभर तपासलं. शंभर टक्के तपासणी, शून्य दोष. आमच्या लाइनवर हे झालं असतं तर जपानी माणसं बघायला आली असती.

तरीही मी कॅमेरा बसवला.

(वर बघतो.) बायको म्हणाली, "अरे, विश्वास?" म्हटलं, विश्वास आहेच, नोंद हवी. त्याला स्पीकरसुद्धा आहे, आपण तिकडून बोलू शकतो. पहिल्या दिवशी मोशीच्या सिग्नलवरून बोललो, "मावशी, त्याला उलटा धरलाय का?" मावशींनी देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले. संध्याकाळी खरा प्रकार कळला. दुसऱ्या दिवसापासून मला चाकणला मोबाईलवर फक्त लंगोट दिसायला लागला. वाळत घातलेला. कॅमेऱ्यावर.

हे सगळं सुरळीत चाललं होतं. मग माझी भाची जर्मनीला निघाली.

पुण्यात मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकलेली पोर. म्हणाली, "मामा, मी ओ-पेअर म्हणून चाललेय. श्टुटगार्टजवळ एका घरात राहायचं, त्यांची मुलं सांभाळायची." म्हणजे बघा, फोक्सवॅगन, मर्सिडीज, जर्मन मंडळी चाकणला येऊन गाड्या बनवणार आणि आमच्या पोरी तिकडे जाऊन त्यांची पोरं शांत करणार. ताई म्हणाली, करार मराठीत समजावून दे. मी डायनिंग टेबलवर मोठ्याने वाचायला बसलो. स्वयंपाकघरात मावशी लसूण सोलत होत्या. त्या लसणाचा आवाज थांबला, तेव्हाच मी थांबायला हवं होतं.

"आठवड्याला जास्तीत जास्त 30 तास काम."

(मावशी) "दिसाला?"

आठवड्याला. "दर आठवड्याला दीड दिवस सुट्टी. वर्षाला चार आठवडे पगारी रजा. महिन्याला 280 युरो खर्चाला, शिवाय जेवण-राहणं त्यांचं. भाषेच्या क्लासला 70 युरो." आणि स्वतंत्र खोली, किमान 8 चौरस मीटर, खिडकी पाहिजे, हीटर पाहिजे.

मावशी हात पुसत बाहेर आल्या. "हीटर नगं. कूलर चालंल."

आमच्या मावशी झोपत होत्या हॉलमध्ये, सोफ्याच्या आणि शू-रॅकच्या मधे. 8 चौरस मीटर म्हणजे 86 चौरस फूट. बिल्डरने मास्टर बेडरूम म्हणून जे दिलंय ते टेपने मोजलं. त्यात आमचा पलंग आणि कपाट सोडून जे उरतं, तिथे जर्मनीत सायकलसुद्धा लावू देणार नाहीत.

मी म्हटलं, मावशी, ते जर्मनीचं. इथला कायदा वेगळा. बायकोने तेवढ्यात फोनवर शोधलं. महाराष्ट्रात 2008 पासून घरेलू कामगारांचा कायदा आहे, कल्याण मंडळ आहे, नाव नोंदवता येतं. मी म्हटलं, बघा! बायको म्हणाली, "पण सोफ्याच्या मागे झोपवा असं त्यात कुठे लिहिलेलं नाही." तुम्हाला सांगतो, घरात दोन बायका एका बाजूला झाल्या की व्यवस्थापनाने पेपर काढायचा आणि सही करायची.

मी एक शेवटचा प्रयत्न केला. "मावशी, तुम्ही घरच्यासारख्या. घरच्या माणसाला कशाला करार?"

"घरची हाय? मंग सोसायटीच्या हळदीकुंकवाला मला 'आमची बाई' म्हनून का सांगितलं?"

(बराच वेळ काहीच बोलत नाही. दुपट्याने घाम पुसतो. दुधाचा डाग कपाळाला लागतो.)

तर हा कागद. (फ्रिजकडे.) गुरुवारी सुट्टी. का गुरुवार? तर एमआयडीसी गुरुवारी बंद असते, त्यांचा धाकटा त्या दिवशी घरी असतो. भोसरीत कंत्राटी कामाला. आणि खोलीचं म्हणाल, तर माझा लॅपटॉप, माझं वर्क फ्रॉम होम, माझी डंबेल्स, सगळं आता शू-रॅकपाशी आहे. दुसऱ्या बेडरूमला कूलर आहे.

फक्त एक कलम मावशींना पटलं नाही. ओ-पेअरचं वय 27 च्या आत लागतं. म्हणाल्या, "मंग त्या पोरींना शिकिवतं कोन?" आणि खरंच, तिसऱ्या आठवड्यात भाचीचा व्हिडिओ कॉल. जर्मन बाळ तासभर किंचाळतंय, जर्मन आई रडतेय, भाची रडतेय. मावशी पडद्यावर: "पालथं घाल मांडीवर. पाठ चोळ. खालनं वर. वरनं खाली न्हवं, खालनं वर!" ढेकर श्टुटगार्टला आली, आम्हाला चिंचवडला ऐकू आली. ती बाई काहीतरी बोलली. भाची म्हणाली, "मावशी, पासपोर्ट आहे का विचारतायत." मी वायफाय बंद केलं.

आणि मग वरचं कलम आलं. "सायेब, थोरल्याला चिकटवा की तुमच्या कंपनीत." मी म्हटलं, मावशी, असं वशिल्याने नाही होत. तर म्हणाल्या, "आमच्या कापूरहोळची धाराऊ ठाव हाय न्हवं?" म्हटलं, हो. सईबाई आजारी, संभाजीराजे तान्हे, तेव्हा पुरंदरावर धाराऊने दूध पाजून वाढवलं. "आन् तिची दोन पोरं, अंताजी-रायाजी? व्हती का न्हाई राजांच्या पदरी?"

आता सांगा, याच्यावर एचआर काय बोलणार? थोरला आयटीआय इलेक्ट्रिशियन आहे. पुढच्या बॅचला अर्ज भरलाय. हुशार आहे. मध्यंतरी आमचा कॅमेरा बंद पडला, त्यानेच येऊन दुरुस्त केला. "सर, ॲप आईच्या मोबाईलमध्येपण टाकून देतो, परत बिघडलं तर बरं पडेल." मी म्हटलं, टाक ना. मला काय कळणार होतं?

आज गुरुवार. मावशी सकाळीच गेल्या. बायको ऑफिसला. मी रजा टाकलीय. म्हटलं, एक दिवसाचं काय एवढं? (मोबाईल काढतो, खुर्चीत रेलतो, स्क्रोल करतो.) तो खेळतोय आतमध्ये. मगाशी झोपला होता, आता... (स्क्रोल करतच) ...आवाज नाही म्हणजे शहाण्यासारखा...

(वरून, कॅमेऱ्याच्या स्पीकरमधून मावशींचा आवाज.) "सायेब. मोबाईल ठिवा. पोरगं चप्पल खातंय."

(उडी मारतो, आत धावतो, थांबतो, परत येतो, हातात चावलेली चप्पल. वर कॅमेऱ्याकडे बघतो.)

मावशी, आज सुट्टी आहे तुमची!

(आवाज.) "व्हय. म्हनून तर ह्याचं जादा लावनार हाय. दुसरी चप्पल कुठंय?"

(तो हातातल्या एका चपलेकडे बघतो आणि आत पळतो. अंधार.)