जर्मनी, परभणी आणि दीड मीटर

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण मराठवाड्यात लहानथोरांना पाठ असली, तरी या दोन ठिकाणांची तुलना नेमक्या कोणत्या निकषावर करायची, हे म्हणीत कुठेच सांगितलेले नाही. आणि परभणीकरांनीही तो प्रश्न कधी लावून धरलेला नाही, कारण निकष ठरला की निकालही लागतो. प्रस्तुत विवेचनापुरता मात्र मोजपट्टीने तपासता येईल असा एक निकष घेण्यास हरकत नसावी, तो म्हणजे सायकलस्वाराच्या किंवा पायी धावणाऱ्या माणसाच्या पुढे गाडी काढताना चालक बाजूला किती जागा सोडतो. जर्मनीने २०२० साली आपल्या वाहतूक नियमावलीत हे अंतर आकड्यांत लिहून टाकले: वस्तीत किमान दीड मीटर, वस्तीबाहेर किमान दोन मीटर. भारताच्या केंद्रीय नियमांत असा मीटरचा आकडा नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८४ नुसार धोकादायक पद्धतीने वाहन चालवणे हा गुन्हा आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच खेपेला एक हजार ते पाच हजार रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. परंतु धोकादायक म्हणजे किती जवळून, हे ज्याच्या कोपराला आरसा घासून गेला त्यालाच ठाऊक असते, आणि कोपर हा पुरावा म्हणून सादर करता येईल इतपत शाबूत राहिला, तर गुन्हा घडला असे कोणी धरत नाही.

या अंतराच्या अभावाला परभणीच्या रस्त्यांवर ‘कट मारणे’ म्हणतात. कट म्हणजे मागून वेगाने येऊन, समोरच्या माणसाच्या अगदी अंगाला लागून गाडी काढणे आणि लगेच त्याच्या पुढ्यात डावीकडे घेणे. माणसाचा सदरा फडफडला पाहिजे, पण माणूस पडता कामा नये, या दोन टोकांच्या मध्ये या कलेचे सगळे सौंदर्यशास्त्र सामावलेले आहे. कट मारणाऱ्याच्या मनात वैर असतेच असे नाही. बहुतेक वेळा त्याला समोर माणूस दिसलेला असतो, त्या माणसाबद्दल त्याचे काही वाईट मतही नसते. एवढेच, की ब्रेक दाबणे ही हार आणि हॉर्न दाबणे ही सूचना, अशी त्याची शिकवण झालेली असते. हॉर्नचेही शास्त्र आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ११९ व्या नियमाने एकामागून एक वेगवेगळे सूर काढणाऱ्या हॉर्नना मनाई केलेली आहे, आणि महाराष्ट्र सरकारने २०१५ साली मालवाहू गाड्यांच्या पाठीवरची ‘हॉर्न ओके प्लीज’ ही विनंतीही पुसायला लावली. पण विनंती पुसली म्हणून ती मान्य करण्याची सवय जात नाही, आणि जिंतूर रोडवर पहाटे साडेपाचला मागून अख्खे गाणे वाजले, तर ते लग्नाचे नसून टेम्पोचे असते, हे धावणाऱ्याला मान न वळवता कळते.

पहाटे साडेपाचला रस्त्यावर असतो कोण, हेही येथे सांगितले पाहिजे. पुण्या-मुंबईत धावणे हा छंद असेल, परभणी जिल्ह्यात तो मुख्यतः अभ्यासक्रम आहे. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक असते, आणि गावोगावी मैदान नसल्यामुळे भरतीची पोरं हे अंतर डांबरावरच मोजून घेतात. किलोमीटरचा दगड ही त्यांची आरंभरेषा आणि एखाद्या गावाची कमान ही अंतिम रेषा. त्यांच्या मागून सुसाट येणारी जीप त्यांना रस्त्यावरून खाली ढकलत असते तेव्हा, आज आपण कोणाला कट मारतो आहोत आणि उद्या तोच हातात चलनाचे यंत्र घेऊन कुठल्या चौकात उभा असेल, याचा हिशोब चालक करत नाही. आणि पोरगा मात्र मनातल्या मनात तो करतच धावत असतो. उजाडल्यावर रस्ता मुलींचा होतो. मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवर आठवीपासूनच्या मुली शाळा गाठतात, बहुधा दोघी-दोघी जोडीने आणि बोलत बोलत, आणि त्यांच्या मागे आलेल्या टमटमवाल्याला हे संभाषण हा वाहतुकीचा अडथळा वाटतो. या दोहोंच्या मध्ये, म्हणजे सूर्य उगवता उगवता, डॉक्टरांनी साखर सांगितलेली मंडळी फिरायला निघतात, त्यांचा विचार शेवटी करू.

आता या सर्वांनी रस्ता सोडून कडेने का जाऊ नये, असा प्रश्न गाडीच्या आतून पाहणाऱ्याला सहज पडतो, आणि त्याचे उत्तर भूगर्भशास्त्रात आहे. परभणी जिल्हा काळ्या कापसाच्या जमिनीवर वसलेला आहे. या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज असते, ते पाणी शोषून फुगते आणि वाळले की आकसते. म्हणून पावसाळ्यात तिचा चिखल होतो आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. रस्त्याच्या दोन्ही अंगांना मुरूम टाकून जी पट्टी सोडलेली असते, तिला साईडपट्टी म्हणतात. एक-दोन पावसाळे गेले की हा मुरूम मातीत बसतो आणि डांबराची कड वर राहते, कुठे वीतभर, कुठे त्याहून जास्त. सायकलचे पुढचे चाक या कडेवरून तिरपे उतरले तर सायकल उतरते आणि स्वार वेगळा उतरतो. पावसाळ्यात उतरणे जमले तरी चढणे जमत नाही, कारण काळी माती चाकाला चिकटते, चाकाबरोबर फिरून मडगार्डात जाते, तिथे ठासून बसते आणि चाक जागच्या जागी थांबते. मग बाभळीची काडी शोधून ती माती कोरून काढणे, हा कार्यक्रम पाठीवर दप्तर घेतलेल्या मुलीला शाळेच्या पहिल्या घंटेपर्यंत पुरतो. ‘बाजूला व्हा ना, काका’ असे जीपमधून ओरडणाऱ्याला ही बाजू कशी आहे हे माहीत असते. तो स्वतः तिच्यावर चाक उतरवत नाही, यावरून ते सिद्धच होते.

रस्त्यावरच राहायचे ठरवल्यावर कोणत्या अंगाने राहायचे, हा पुढचा प्रश्न. शास्त्र असे सांगते, की पायी माणसाने समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने, म्हणजे भारतात उजवीकडून चालावे. तत्त्व उत्तम आहे, फक्त ते उसाच्या हंगामापूर्वी मांडलेले असावे. परभणीत हिवाळ्यात पारा एक आकडी होतो आणि कृषी विद्यापीठाच्या नोंदी वर्तमानपत्रांत छापून येऊ लागतात, तोच धावण्याचा खरा मोसम, आणि नेमका तोच गळिताचा. गंगाखेड, पाथरी, पूर्णा या पट्ट्यातून ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या लावून ऊस निघतो. ट्रॉलीच्या दोन्ही अंगांनी उसाची टोके बाहेर आलेली, मागचा लाल दिवा असला तर उसाखाली झाकलेला, आणि ट्रॅक्टरवर गाणे एवढ्या मोठ्याने, की मागच्या हॉर्नशी त्याचा संबंधच येऊ नये. ट्रॅक्टर स्वतः आक्रमक नसतो. तो बैलगाडीपेक्षा थोडासाच उतावळा असतो. परंतु त्याच्यामागे पाच-सहा मिनिटे अडकलेल्या मोटारचालकाच्या मनात जे साठत जाते, ते एका क्षणी ट्रॉलीच्या उजवीकडून बाहेर पडते, आणि तिथे, शास्त्रोक्त पद्धतीने समोरची वाहने न्याहाळत, आपला भरतीचा पोरगा धावत असतो. त्याच्या समोरचा रस्ता मोकळा असतो आणि मोटार त्याच्या पाठीमागून, त्याच्याच बाजूने येते. डावीकडून धावावे तर मागून ट्रॉली, उजवीकडून धावावे तर मागून मोटार. पाठीला डोळे असणारा उमेदवार भरतीच्या निकषांत अद्याप मागितलेला नाही, पण या जिल्ह्यातून तो पुरवता येईल.

मोटार ताशी ८० किलोमीटरने येत असेल तर ती एका सेकंदात २२ मीटर येते, म्हणजे चालकाला माणूस दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत माणूस येऊन पोहोचलेला असतो. पादचाऱ्याला धडकणाऱ्या मोटारीचा वेग ५० वरून ६५ वर गेला, तर मृत्यूचा धोका साडेचार पटींनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यांतील ३२,८२५ पायी चालणारी होती. या आकड्यांपुढे विनोद चालत नाही, म्हणून तो पुढच्या परिच्छेदात हलवला आहे.

अशा चालकाला थांबताच येत नाही, असा निष्कर्ष यावरून काढणे घाईचे होईल, कारण विरुद्ध पुरावा भरपूर आहे. ऑक्टोबरात गावरस्त्यांवर अर्ध्या डांबरावर सोयाबीन वाळत घातलेले असते आणि त्याच्या कडेने दगड मांडलेले असतात. तिथे हाच चालक दीडच काय, अडीच मीटर अंतर राखतो, कारण दगड टायरला लागतो. रस्त्यात म्हैस बसली असेल तर तो थांबतो, वाट पाहतो, क्वचित तिच्याशी नरमाईने बोलतो. म्हशीला धडकल्यास बोनेट जाते आणि वर म्हशीची किंमत भरावी लागते, शिवाय मालक जवळच बांधावर असतो. वरात असेल तर तो इंजिन बंद करतो. आणि आषाढीच्या आधी शेगावच्या गजानन महाराजांची पालखी परभणीहून गंगाखेडकडे निघते, तेव्हा तर एरवी एसटीलाही साईड न देणारा हा गृहस्थ गाडी कडेला, त्याच निषिद्ध साईडपट्टीवर, उतरवतो, चपला काढतो आणि शेवटचा वारकरी पुढे जाईपर्यंत हात जोडून उभा राहतो. रस्ता तोच, माणूस तोच, ब्रेकही तेच, त्यामुळे ब्रेक नादुरुस्त असल्याचा संशय दूर होतो. अंतर देण्याची क्षमता भरपूर आहे, फक्त ती समोरच्याचे मोल पाहून दिली जाते, आणि चड्डी-बनियनवर एकटा धावणारा माणूस या मूल्यमापनात सोयाबीनच्या बराच खाली येतो. त्याच्याकडे दगडही नसतात.

या मूल्यमापनाला परदेशी दुजोरा आहे. इंग्लंडमधील बाथ विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ इयन वॉकर यांनी सायकलला अंतर मोजणारे यंत्र बसवून सुमारे अडीच हजार गाड्यांनी आपल्याला किती जवळून मागे टाकले, ते मोजले आणि २००७ साली प्रसिद्ध केले. त्यांना असे आढळले, की डोक्यावर हेल्मेट असताना गाड्या सरासरी साडेआठ सेंटिमीटर जास्त जवळून गेल्या, आणि मागून बाई वाटावी म्हणून त्यांनी लांब केसांचा टोप घातला तेव्हा जास्त अंतर ठेवून गेल्या. पुढे इतर संशोधकांनी त्याच आकड्यांची फेरमांडणी करून हेल्मेटविषयीच्या निष्कर्षाला हरकत घेतली, त्यामुळे कोणी हेल्मेट काढून टोप घालण्याची घाई करू नये. मराठवाड्यात बाई वाटल्याने अंतर वाढते की नाही, हे शाळेच्या मुलींना विचारावे. त्यांचे उत्तर बाथच्या विरोधात जाईल. वॉकर यांनी एक प्रयोग मात्र राहू दिला, आणि तो परभणीचा दूधवाला रोज करतो. त्याच्या सायकलच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंनी पत्र्याचे कॅन लटकलेले असतात, त्यांच्या कड्या बाहेर आलेल्या असतात, आणि त्याला कोणी कट मारत नाही. कड्यांनी गाडीचा रंग खरवडतो. लाखभर रुपयांची, हलक्या धातूची, बिनमडगार्डाची सायकल घेऊन अंगाबरोबर बसणारे कपडे घालून निघालेला हौशी सायकलपटू मात्र हवेला कमीत कमी अडथळा व्हावा अशा बेताने घडवलेला असतो, आणि चालकाच्या दृष्टीने तो अडथळाच नसतो.

कट मारून झाल्यावर चालक जे वाक्य टाकून जातो, ते जवळजवळ ठरलेले आहे: ‘घरी सांगून आला का?’ यात उत्तराची अपेक्षा नसते, कारण उत्तर येईपर्यंत गाडी मानवतच्या वाटेला लागलेली असते. वस्तुतः पोरगा घरी सांगून आलेला असतो. पहाटे चारला त्याला आईनेच उठवलेले असते. तक्रार करावी म्हणून तो गाडीचा नंबर पाहतो, तर एमएच २२ च्या पुढे चार-एक-चार-एक हे आकडे अशा वळणाने रंगवलेले असतात, की त्यांचा ‘दादा’ झालेला असतो. मागून मला दादाने कट मारला, असे ठाण्यात सांगितल्यास कोणत्या दादाने, असा प्रश्न येणारच, आणि जिल्ह्यात दादांची उणीव नाही.

राहता राहिली साखरेची मंडळी. ही मंडळी कडेची माती, उसाच्या ट्रॉल्या आणि दादा या सर्वांना कंटाळून अखेर वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या आवारात फिरायला जातात, आणि त्यात काही चूक नाही. १९७२ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाने ज्वारीची ‘परभणी मोती’ आणि भेंडीची ‘परभणी क्रांती’ दिली, त्याचबरोबर झाडांखालचे शांत रस्तेही दिले, आणि त्यांवर माणसाला बिनधास्त हात हलवत चालता येते. अडचण एवढीच, की तिथे चालण्यासाठी आधी तिथवर जावे लागते, आणि ही मंडळी मोटारीने जातात. ऊन वर यायच्या आत चार फेऱ्या झाल्या पाहिजेत, गाडी सावलीत लागली पाहिजे, आठला दुकान उघडले पाहिजे. म्हणून वसमत रोडवर भरतीच्या पोरांच्या अगदी कोपरालगत, हॉर्नवर हात ठेवून, ती पुढे निघून जातात. आवारात पोहोचल्यावर पांढरे बूट बांधता बांधता त्यांच्यात जो पहिला विषय निघतो, तो हल्लीच्या ड्रायव्हरांचा असतो.