क्ष बरोबर क्ष अधिक एक

गणिताच्या शिक्षकांना प्रोग्रॅमिंग शिकवायला उभं राहिलं आणि फळ्यावर ‘क्ष = क्ष + 1’ लिहिलं की पुढचा अर्धा तास आपला राहत नाही.

“दोन्ही बाजूंतून क्ष वजा करा,” मागून निवृत्तीला आलेले एक सर म्हणाले. “शून्य बरोबर एक. आठवीच्या पोराने हे लिहिलं तर आम्ही त्याला उभं करतो. तुम्हाला मानधन मिळतं.”

मानधन नव्हतं, शाल-नारळ होता. पुण्याच्या आयटीत केस घालवले की माणसाला ग्रामीण शिक्षणाची तळमळ लागते. ती शनिवारी लागते, रविवारी क्रिकेट असतं. गाडीतल्या आरशात बघून मी ‘सेमूर पेपर्ट’ हे नाव भारदस्तपणे म्हणून पाहिलं होतं. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर 1967 साली मुलांसाठी ‘लोगो’ ही भाषा केली. तिच्यातलं कासव हुकमाप्रमाणे पुढे जातं, वळतं आणि भूमिती काढत सुटतं. मी कासवाकडून चौरस काढून घेतला.

“चौरस आमची पोरंही काढतात,” भूमितीच्या बाई म्हणाल्या. “आणि ती कासवापेक्षा लवकर काढतात.”

मग मी कापरेकर बाहेर काढले.

इथे मला आवरता येत नाही. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर 1930 ते 1962 देवळालीत शाळामास्तर होते. गणितात पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठातली खुर्ची नाही. संख्यांचं वेड तेवढं होतं. डोंबिवली स्टेशनाचं जुनं नाव डेम्लो. तिथे एका प्रकारच्या संख्यांची कल्पना सुचली, म्हणून त्यांना ‘डेम्लो संख्या’ हे नाव. आज त्याच फलाटावर कुणाला कल्पना सुचलीच, तर ती ठाण्यापर्यंत जिवंत पोचणार नाही. 1949 साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी 6174 हा आकडा जाहीर केला. कुठलीही चार आकडी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, उत्तरावर पुन्हा तेच. तुम्ही 6174 वर येऊन पोचता आणि तिथेच राहता. जास्तीत जास्त सात पायऱ्या. गंमत म्हणजे 1949 हीच संख्या घेतली तर पुरत्या सात लागतात: 8442, 5994, 5355, 1998, 8082, 8532, 6174. पुढे 1975 साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात हे लिहिलं, तेव्हा जगाला देवळालीचे मास्तर कळले. आपण त्यांना ओळखायला अमेरिकेच्या टपालाची वाट बघतो, याचा मला अजून राग येतो.

असो. माझ्या प्रोग्रॅमने डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळ्या चार आकडी संख्या तपासल्या. मी टाळ्यांसाठी थांबलो.

“तीन आकडी?” बाईंनी विचारलं. 495 वर येऊन थांबलं.

“दोन आकडी?” मागचे सर.

उत्तर बदलेनासं झालं की थांबायचं, असं मी यंत्राला सांगितलं होतं. पडद्यावर 81, 63, 27, 45, 9 आलं. पुन्हा 81, 63, 27, 45, 9. थांबेचना. लॅपटॉपचा पंखा घरघरू लागला आणि खोलीतली डोकी पहिल्यांदाच पडद्याकडे वळली. “बाजूला व्हा जरा,” म्हणत सरांनी खडू घेतला. “दशकात अ, एककात ब. उलटून वजा केलं की उरतं 9 गुणिले (अ − ब). म्हणजे नऊच्या पाढ्याबाहेर जाणंच नाही. 9 ते 81, नऊ संख्या. एकेक करून बघा, एकही स्वतःवर परत येत नाही. मग थांबणार कुठे?” बाईंनी नऊही करून दाखवल्या. यंत्र अजून पळतच होतं.

तेवढ्यात सगळ्यांचे फोन एकदम वाजले. कसलीशी माहिती ‘आजच्या आज’ ऑनलाइन भरायची होती. “सर, तुमचं नेट चांगलं आहे, जरा बसू का?” म्हणत बाईंनी माझा प्रोग्रॅम मिटवला आणि पोषण आहाराची ताटं भरायला घेतली. या माणसांना संगणकाबद्दल शंका का आहे, हे मी इतका वेळ बीजगणितात शोधत होतो. संगणक त्यांच्याकडे येतो तो माहिती मागायला. भरलेली माहिती पुन्हा मागतो, रात्री अकराला मागतो, सर्व्हर बंद ठेवून मागतो. कोडं घेऊन तो आजवर आलाच नव्हता. आलेलं एक कोडंही माझ्या बढाईपायी चुकून सुटलेलं, आणि त्याच्यावर खडू घेऊन तुटून पडायला त्यांना एक मिनिट लागलं नाही.

शेवटी अभिप्रायाचे कागद आले. ‘प्रशिक्षण उपयुक्त वाटले का?’ यापुढे सगळ्यांचं एकाच अक्षरात ‘होय’. सूचनांच्या रकान्यात मात्र एकाने वेगळ्या शाईने लिहिलं होतं: ‘पुढच्या वेळी पाच आकडी संख्या घ्याव्यात. लॅपटॉप अवश्य पाठवावा. वक्ते आले नाहीत तरी चालेल.’