शाबास, एक्सॉन!

एक्सॉनमोबिलच्या संचालक मंडळास,

शाबास! तुमचं गणित चुकलं नाही. तेल-कोळसा जाळल्यानं पृथ्वी तापतेय, हे 1977 साली जेम्स ब्लॅक या तुमच्याच शास्त्रज्ञानं वरिष्ठांना सांगितलं. नंतरची तुमच्या घरची बहुतेक भाकितं खरी ठरली, हे 2023 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात छापून आलं. एवढं ज्ञान गाठीशी ठेवून तुम्ही जगाला संशय विकलात.

क्योटोच्या हवामान परिषदेला दोन महिने उरले होते. तुमचे प्रमुख ली रेमंड ऑक्टोबर 1997 मध्ये बीजिंगला गेले आणि आशियाई देशांना सांगून आले, की पृथ्वी वीस वर्षांपूर्वीपेक्षा थंडच आहे. म्हणजे परराष्ट्र धोरणही तुम्हीच चालवायला घेतलंत! 2001 मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी क्योटो करार धुडकावला. तुम्ही ज्या उद्योगगटात होतात, त्याच्या भेटीसाठी अमेरिकी परराष्ट्र खात्यानं केलेल्या टिपणात लिहिलंय, की त्या नकारामागे काही अंशी या गटाचंच म्हणणं होतं. 2017 मध्ये तुमचे माजी प्रमुख रेक्स टिलरसन अमेरिकेचे परराष्ट्रमंत्रीच झाले. अमेरिकेनं पॅरिस हवामान करारात राहावं, असं त्यांचं मत होतं, हे मान्य. पण ऐकणार कोण? सरकारचे कान तर तुम्हीच वर्षानुवर्षं बुजवत आला होतात. त्याच सरकारच्या संरक्षण खात्यानं 2010 च्या आढाव्यात हवामानबदल अस्थिरता वाढवतो, असं बजावलं होतं.

आता आमच्या सरहद्दीवर या. सिक्कीममध्ये हिमनदी मागे सरकत गेली आणि दक्षिण ल्होनाक तलाव फुगत गेला. ऑक्टोबर 2023 च्या एका रात्री काठाचा गोठलेला उतार त्यात कोसळला. तलाव फुटला आणि पुरात चुंगथांगचं धरण वाहून गेलं. बारदांगला लष्कराची वाहनं गाळात गाडली गेली, जवान वाहून गेले. दारूगोळा तीस्ता नदीतून पार जलपाईगुडीपर्यंत गेला आणि तिथं वाहून आलेला गोळा फुटून जीव गेला. चीनवर नजर ठेवणाऱ्या आमच्या जवानांना शत्रूची गोळी लागली नाही. वितळलेल्या बर्फानं त्यांना गाठलं. तो तलाव तुम्ही एकट्यांनी भरला नाही, पण जगाला सावध होऊ न देण्याचं श्रेय तुमच्याइतकं फार थोड्यांचं आहे.

हीच तीस्ता पुढे बांगलादेशात जाते. तिच्या पाणीवाटपाचा करार 2011 पासून अडलाय. वरचं बर्फच आटत असताना ढाक्याशी बोलणी कोणत्या आकड्यांवर करायची, तेवढं कळवा. आकडे तुमच्याकडे नेहमीच आधी येतात.